मशीन लोड घेत नाही

सोळा वर्षं झाली मी घरगुती जनरेटर बसवतोय आणि दुरुस्त करतोय. गेल्या आठवड्यातल्या वादळानंतरचा एक कॉल डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

वादळ झालं की आमचा दिवस कसा असतो ते आधी थोडक्यात सांगतो. लाइट जाऊन तास झाला की फोन सुरू होतात आणि दहातले सात-आठ कॉल एकाच गोष्टीचे असतात, मशीन चालू होत नाही. सहा-आठ महिने हात न लावलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये तसंच राहतं, उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेटचं सुईएवढं भोक बंद होतं. तो जेट काढायचा, बारीक तार फिरवून साफ करायचा, ताजं पेट्रोल घालायचं, की दोन दोऱ्यांत मशीन चालू. बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या आणि महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर, म्हणजे उपकरणं जोडून, चालवा, एवढं केलं तर माझे निम्मे कॉल कमी होतील. प्रत्येकाला सांगतो, करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्या कॉलपैकी काहींत मशीन उतारावर ठेवलेलं असतं, ऑइल पुरेसं असूनही सेन्सरला कमी वाटतं आणि तो इंजिन चालूच होऊ देत नाही.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एका वहिनींचा फोन आला. "दादा, मशीन चालू होतंय पण लोड घेत नाही. बटण वर केलं की पडतंय."

मशीन माझंच, म्हणजे दोन वर्षांपूर्वी मीच निवडून दिलेलं. 3 केव्हीए क्षमतेचं, पेट्रोलवर चालणारं, एव्हीआरवालं, म्हणजे व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारं. ते निवडताना मी त्यांच्या घरात क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, घेऊन दीड तास फिरलो होतो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा कमालचा असतो, काही सेकंद टिकणारा, आणि सतत किती देणार ते बारीक अक्षरात कुठेतरी मागे. याचा मला मनापासून राग आहे, कारण माणूस मोठा आकडा बघून घेतो आणि मग पंप लावला की मशीन बसतं. मोटरचा चालू करंट आणि सुरू होतानाचा करंट यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. 1 एचपीचा पंप चालताना पाच-सहा अँपिअर घेत असेल तर सुरू होताना तोच क्षणभर पंचवीस-तीसवर जातो, फ्रिजच्या कॉम्प्रेसरचंही तसंच. म्हणून मी आधी सगळ्यात मोठ्या मोटरचा सुरुवातीचा झटका मोजतो, त्यात बाकीचं चालू लोड मिळवतो, केव्हीएला 0.8 ने गुणून खरे किलोवॅट धरतो आणि मग मशीन सुचवतो. त्यांचा पंप या मशीनवर चालणार नाही हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. फ्रिज, पंखे, दिवे, राउटर आणि सासऱ्यांचं ऑक्सिजनचं यंत्र, एवढंच.

त्या ऑक्सिजनच्या यंत्रामुळेच मी हातातलं काम टाकून निघालो. सिलिंडर बॅकअपला होता, पण तो किती तास पुरणार याची वहिनींना धाकधूक होती. साहेब, म्हणजे वहिनींचे यजमान, परगावी होते.

पोचलो तर मशीन अगदी सांगितलेल्या जागी. घरापासून वीस फुटांच्या पलीकडे, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. मला बरं वाटलं, कारण विकताना मी धुराबद्दल अर्धा तास बोललो होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आपल्या रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त धरून बसतो, डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं आणि तो जाऊन झोपतो आणि उठतच नाही. गॅरेजमध्ये नाही, बाल्कनीत नाही, खिडकीखाली नाही, दार उघडं ठेवूनही नाही. त्यांनी अक्षरशः सगळं पाळलं होतं.

मशीन चालू केलं. नो-लोडला, म्हणजे काहीही न जोडता, 231 व्होल्ट, 51.8 हर्ट्झ. पेट्रोलचं छोटं मशीन रिकाम्याला 52 च्या आसपास ठेवतात, म्हणजे लोड आल्यावर ते 50 ला येऊन बसतं, तेव्हा इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर ठीक. माझा 1000 वॅटचा हॅलोजन मशीनच्या सॉकेटवर लावला, इंजिनाने किंचित आवाज बदलला आणि सांभाळलं. दुसरा लावला, तेही घेतलं. मशीनमध्ये काहीही दोष नव्हता.

मग घराकडे जाणारी केबल लावली, क्लॅम्प मीटर इनरशवर, म्हणजे सुरुवातीचा झटका पकडायच्या सेटिंगवर, ठेवला आणि ब्रेकर वर केला. इंजिनाने एकदम हुंकार दिल्यासारखा आवाज केला, ब्रेकर पडला, मीटरवर 63 अँपिअर. हे मशीन सतत 13 अँपिअर देणारं. घरात फक्त फ्रिज जोडलेला, तोही वहिनींनी बंद ठेवला होता.

पुन्हा वर केला. पुन्हा तेच.

मला वाटलं केबल कुठेतरी चेपलीय. मशीन बंद केलं, केबल काढली, तिच्या फेज-न्यूट्रलमध्ये ओहम बघितले तर जवळपास शून्य. म्हणजे शॉर्ट. केबलच्या मागे मागे गेलो. कुंपणाच्या कडेने पाइपमधून, मग खिडकीच्या चौकटीतून आत, बेडरूममध्ये. आणि तिथे ती एसीच्या सॉकेटमध्ये खोचलेली.

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. एक टोक मशीनमध्ये, दुसरं भिंतीत. ज्यातून लाइट घ्यायची त्याच सॉकेटमधून घराला लाइट उलटी द्यायची. कुणी करून दिली विचारलं तर म्हणाल्या, ओळखीचा वायरमन आहे, त्याने. असली वायर करून देणाऱ्या माणसाने हातात पक्कड धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन चालू असताना हा प्लग नुसता भिंतीतून निसटला तरी त्याच्या उघड्या पिना जिवंत असतात, घरात लहान मूल असो नसो.

प्लग काढला, केबलचा शॉर्ट गेला. परत खोचला, शून्य. आत बोर्डावर एसीचा एमसीबी सोडून बाकी सगळे खाली होते. मग माझी नजर मेन स्विचवर गेली. तो वर होता.

मेन खाली केला, मीटरने शॉर्ट गेल्याचं दाखवलं. वर केला, शून्य. शॉर्ट घरात नव्हताच. घराच्या बाहेर होता, पोलकडे जाणाऱ्या तारेवर.

तेव्हा काय झालं ते मला नीट शब्दांत सांगता येत नाही. मेन खाली पाडला, प्लग उपटला आणि गेटबाहेर पळालो. गल्लीच्या टोकाला शिडी लावलेली, पोलवर एक लाइनमन, खाली एक. मी येताना त्यांच्या शेजारूनच आलो होतो आणि कामात आहेत बिचारे, एवढंच मनात आलं होतं.

खालच्या वयस्कर माणसाला मी धापा टाकत सांगितलं की जनरेटर उलटा जात होता, आता बंद आहे. तो चिडला नाही. त्याने वर हाक मारली आणि मला म्हणाला, "तरीच. साखळी मघाशी दोनदा चटकली." त्यांनी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज काढले होते आणि तेवढ्यावर न थांबता कामाच्या जागी सगळ्या तारा एकमेकींना साखळीने जोडून जमिनीत अर्थ केल्या होत्या. नुसते फ्यूज काढून पुरत नाही, तो म्हणाला, घराघरांत मशीनं आहेत, कोण मागून काय सोडेल भरवसा नाही, साखळी नसेल तर मी पोराला चढू देत नाही.

दोनदा चटकली. मीही दोनदाच ब्रेकर वर केला होता.

ज्याला वहिनी "लोड घेत नाही" म्हणत होत्या ते हे होतं. मशीनचा फेज त्या साखळीतून थेट न्यूट्रलला मिळून शॉर्ट होत होता आणि ब्रेकर पडत होता. साखळी नसती तर? पूर्ण गल्लीच्या घरांचं लोड अंगावर आलं असतं तर 3 केव्हीएचं मशीन कदाचित तसंही बंद पडलं असतं, आणि साखळी लागायच्या आधी वहिनींनी जे प्रयत्न केले ते बहुधा त्यामुळेच फसले. पण तार मध्येच तुटून फक्त दोन-तीन घरंच त्या तुकड्यावर राहिली असती तर मशीनने ती आरामात ओढली असती आणि मेलेली समजलेली तार 230 व्होल्टने चुपचाप जिवंत राहिली असती. फ्यूज जागेवर असते आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत दाब टिकला असता तर तिथून तो उलटा चढतो, 11 केव्हीच्या बाजूला जवळपास 11,000 व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरला लाइट कुठून आली ते कळत नाही, तो दोन्ही दिशांनी काम करतो.

परत येऊन वहिनींना समजावलं. त्या रडल्या. त्यांची काय चूक? साहेब दोन वर्षं स्वतः मेन पाडून मग प्लग खोचायचे, एकदाही विसरले नाहीत. फोनवर त्यांनी चोक, दोरी, प्लग, बटण सगळं सांगितलं, फक्त मेन राहिला, कारण त्यांच्या हाताला ते इतकं सवयीचं की सांगायची गोष्ट आहे असंच वाटलं नाही. सासऱ्यांचं यंत्र मी मशीनवरून थेट जाड एक्स्टेन्शन टाकून चालू करून दिलं, गुंडाळी पूर्ण उलगडून, कारण गुंडाळलेली वायर लोडवर तापते. दोन प्लगची वायर वहिनींना विचारून मधोमध कापली.

दुसऱ्या दिवशी चेंजओव्हर स्विच बसवला, घराला लाइट किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा. दोन पोलचा, फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, 1-0-2 असा. दांडा लाइटवर असेल तर जनरेटर जोडलाच जात नाही, जनरेटरवर असेल तर बाहेरची तार जोडलीच जात नाही, मध्ये शून्य. दोन्ही एकदम जोडणं त्या दांड्याला शक्यच नसतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही. लाइट अचानक परत आली तर ती चालू मशीनवर आदळून अल्टरनेटर जळतो, तेही टळतं. सगळं काम अडीच तासांचं. नंतर वहिनींकडून पाच वेळा दांडा फिरवून घेतला.

हे काम दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. मी जुनं बिलबुक काढून बघितलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय, "चेंजओव्हर सुचवला, ग्राहक नंतर बघणार." खाली त्यांची सही. ती ओळ मी का लिहिली ते मला माहीत आहे, उद्या काही झालं तर अंगावर येऊ नये म्हणून. धुरावर अर्धा तास बोललो आणि त्यांनी शब्दन् शब्द पाळला. चेंजओव्हरवर दोन वाक्यं बोललो असेन. धुराने त्यांचा स्वतःचा जीव जातो हे मी त्यांच्या डोळ्यांसमोर उभं केलं होतं, पोलवरचा माणूस उभा केला नाही. आणि शेवटी मशीन त्यांच्या हातात देऊन आलोच.

आणि तो ब्रेकर. ग्राहकाने चेंजओव्हर घेतलेला नाही हे मला माहीत असायला हवं होतं, सही माझ्याच पुस्तकात होती, तरी मेन न बघता मी बटण वर केलं, आणि एकदा नाही, दोनदा. पोलवर माणूस असताना. आता कुठेही गेलो की मशीनला हात लावायच्या आधी मेन बोर्डासमोर जाऊन उभा राहतो.

रविवारी सगळी बिलबुकं काढून बसलो. "नंतर बघणार" अशी तेवीस बिलं निघाली. सगळ्यांना फोन लावले. चौदा जणांकडे तारीख ठरली, सहा जण म्हणाले आम्ही मेन पाडतो ना, काही होत नाही, त्यांच्याकडे मी तसाच जाणार आहे. दोघांनी मशीन विकून टाकलंय. एक नंबर लागत नाहीये, पत्ता अर्धाच लिहिलेला आहे, उद्या त्या भागात जाऊन विचारून बघतो.