इझुमी अराता: जर्सीआधीचा पासपोर्ट

जातवैधतेसाठी आमच्या विदर्भात आजोबांची कोतवाल बुकातली नोंद शोधत तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. फुटबॉलमध्येही आजोबा लागतात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन त्याच्याकडून खेळायचं तर खेळाडूचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म तिथं झालेला असावा, असा फिफाचा नियम आहे. तसं नसेल आणि माणूस अठराच्या पुढं तिथं आला असेल, तर निदान 5 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

मग परदेशातली भारतीय वंशाची पोरं आपल्या संघात का दिसत नाहीत? डिसेंबर 2008 पासून केंद्राचं धोरण स्पष्ट आहे: भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, हे नागरिकत्व नव्हे, आणि बहुतेकांची गफलत इथंच होते. दोन देशांचं नागरिकत्व आपला कायदा मानत नाही, म्हणजे जुनं सोडावंच लागतं.

इझुमी अराता यानं ते सोडलं. जन्म 1982 चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडं आला, पुढं महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. मधल्या फळीतला हा खेळाडू भारतीय नागरिकत्व मिळेपर्यंत परदेशी म्हणूनच मोजला जायचा. मार्च 2013 मध्ये म्यानमारमध्ये, एएफसी चॅलेंज कप या आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत, तो चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) भारताकडून पहिल्यांदा उतरला. वय 30. मधल्या फळीत धावणाऱ्याची उमेदीची वर्षं तोवर सरत आलेली असतात, याची मला फार हळहळ वाटते.

आज हा मार्ग धरणाऱ्यानं तारखा आधी मांडाव्यात. ओसीआय नोंदणीला 5 वर्षं पूर्ण हवीत आणि अर्जाआधीचे 12 महिने भारतात राहणं हवं. सरकारनं दिलीच तर त्यात जास्तीत जास्त 30 दिवसांची सूट मिळते. लीगचा हंगाम संपला की खेळाडू घरी जातो, तिथं दोन महिने राहतो आणि हिशोब मोडतो. शिवाय आधीच्या देशाकडून तो अधिकृत स्पर्धेत खेळलेला असेल तर फिफाच्या अटी फार कडक होतात. मैत्रीपूर्ण सामना तेवढा आड येत नाही. कार्ड विसाव्या वर्षी निघालं तर पंचविशीत अर्ज करता येतो. सव्विसाव्या वर्षी काढलं, तर अर्ज करेपर्यंतच एकतिशी.