तुम्ही विचारलंत म्हणून : एका बाटलीचे एवढे पैसे?

'शंभर डॉलरची वाइन वीस डॉलरच्या वाइनपेक्षा पाचपट चांगली असते का? आणि नसेल तर तू का घेतेस?'

इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं राहून लोकांनी मला हे विचारलंय. ऑफिसातल्या मराठी मुली विचारतात. निफाडहून मावसभाऊ दर दिवाळीआधी विचारतो, 'ताई, येताना एक ग्रेंज आण ना, किती पडेल?' ग्रेंज म्हणजे ऑस्ट्रेलियातली सर्वांत गाजलेली लाल वाइन. आकडा ऐकला की तो गप्प होतो आणि मग तोच प्रश्न, एवढे पैसे कशाचे? बारा वर्षांत मी याची तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत आणि तिन्ही ठासून दिली आहेत, हे आधीच कबूल करते. 'तू तर मागे उलटं म्हणाली होतीस' असं ज्यांनी मला तोंडावर सांगितलं, त्यांचं बरोबर आहे.

बहुतेकांना हिशेब हवा असतो, म्हणून आधी हिशेब. फ्रेंच ओकचं कोरं पिंप 225 लिटरचं, म्हणजे त्यातून 300 बाटल्या. पिंपाला दीड हजार ऑस्ट्रेलियन डॉलर धरा, बाटलीमागे पाच डॉलर झाले. माल दीड-दोन वर्षं पडून राहतो, त्याचं भाडं आणि व्याज धरा. घाऊक किमतीवर 29 टक्के वाइनचा कर, वर 10 टक्के जीएसटी, मग दुकानदाराचा नफा. जुन्या बागेतून एकरी टन-दीड टनच द्राक्ष येतं, तेही धरा. सगळी बेरीज करूनही माझ्या मते पन्नास-साठ डॉलरच्या आसपास खर्च संपतो. त्यापुढचे पैसे नावाचे, दुर्मिळपणाचे आणि गोष्टीचे.

आणि गोष्ट खोटी असते असं मी म्हणत नाही. पेनफोल्ड्स कंपनीत वाइन बनवणाऱ्या मॅक्स शुबर्टने 1951 साली ग्रेंजचा पहिला प्रयोग केला, तेव्हा ती वाइन कुणाला आवडली नव्हती. 1957 मध्ये कंपनीने बंद करायला सांगितली. त्याने तीन हंगाम लपवून केली, 1960 मध्ये परवानगी परत मिळाली. आज नव्या हंगामाची बाटली हजार डॉलरच्या घरात जाते. चीनने 2020 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर शुल्क लावलं आणि ते थेट 2024 च्या मार्चमध्ये उठवलं. त्या काळात मला किती जणांनी सांगितलं की आता ग्रेंज स्वस्त होणार. झाली नाही. त्याच कंपनीची बिन 389 ही वाइन, जी थोडीफार ग्रेंजच्याच जुन्या पिंपांत मुरते आणि जिला लोक गरिबांची ग्रेंज म्हणायचे, तीही आता शंभराला जाऊन भिडली आहे. गरिबाने काय करायचं?

हिशेब झाला. पण मला हा प्रश्न ऐकला की पोटात का कालवतं, ते हिशेबात नाही. ते 2019 च्या जानेवारीत आहे.

माझी मुलगी 2010 ची. 2010 हा दक्षिण ऑस्ट्रेलियात लाल वाइनसाठी फार चांगला हंगाम होता. त्या हंगामाची बरोसा खोऱ्यातल्या एका नावाजलेल्या वाइन-घराण्याची शिराझ (शिराझ ही काळ्या द्राक्षाची जात, आणि तिची लाल वाइनही) बाजारात आली तेव्हा मी एक बाटली घेतली, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, म्हणजे 2028 मध्ये उघडायची म्हणून. साडेसहाशे डॉलर. तेव्हा घराचा हप्ता चालू होता, नवऱ्याला मी साडेतीनशे सांगितले होते. त्या घराण्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्यांची काडीचीही चूक नाही.

बाटली कोटांच्या कपाटात आडवी ठेवली. कपाट अंधारं, हात लागत नाही, मला ते पुरेसं वाटलं. कपाटाची मागची भिंत पश्चिमेची आहे, याचा मी पाच वर्षांत एकदाही विचार केला नाही.

2018 च्या डिसेंबरात माझे वडील आले होते. नानांची निफाड तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची, सगळी निर्यातीची. ते माळकरी, दारूचा थेंब चाखलेला नाही, पण बाग बघायची म्हणून आनंदाने बरोसाला आले. तिथे टानुंडा गावाला लँगमाइल या वाइन कंपनीची फ्रीडम बाग आहे, 1843 साली लावलेली शिराझ. मण्यांत नुकतं पाणी उतरलं होतं. नाना एका खोडापाशी थांबले, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून खोडाचा घेर घेतला. हात पुरले नाहीत.

'खुंट कोणता?' त्यांनी विचारलं. आमच्याकडे डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलाच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग उभी राहत नाही. मी सांगितलं, खुंट नाहीच, वेल स्वतःच्या मुळांवर आहे. फायलोक्सेरा, म्हणजे द्राक्षवेलीची मुळं खाणारा किडा, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात 1877 मध्ये आला, पण या राज्यात आजतागायत शिरला नाही. इथल्या बागा त्यामुळे वाचल्या. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आपण पंधरा वर्षांत बाग मोडतो गं. हिने पावणेदोनशे वर्षं भुरी, डावणी असले रोग पाहिले, आणि अजून माल देते.' एकरी किती, तेही विचारलं. ऐकून मान हलवली. 'एवढ्यात भागत नाही. भाव लागतोच हिला.' माझ्या साडेसहाशे डॉलरचं इतकं सरळ समर्थन मला कुणी दिलं नव्हतं, आणि दिलं ते माळकरी माणसाने.

त्यानंतर आम्ही दोन दिवस व्हिक्टर हार्बरला समुद्रावर गेलो. घर बंद, एसी बंद. 24 जानेवारीला ॲडलेडमध्ये पारा 46.6 अंशांवर गेला. शहराच्या नोंदींतला सर्वांत तापलेला दिवस. दुसऱ्या दिवशी परत आलो तर घराच्या भिंती हाताला गरम लागत होत्या. मी कपाट उघडलं ते नानांची शाल काढायला. कोटाच्या अस्तरावर जांभळा डाग होता. बाटलीचं बूच आतून रेटून वर आलेलं, वरचं आवरण फुगलेलं, आणि मानेवरून एक चिकट ओघळ.

त्याच रात्री उघडली. आता थांबून काय करायचं होतं? ग्लासात रंग छान होता, आणि त्या रंगाने मला अर्धा मिनिट फसवलं. मग वास आला. मनुका पाण्यात खूप वेळ उकळल्यावर भांड्याच्या तळाशी येतो तसा, गोडसर, जळकट. घोट घेतला तर मध्ये काहीच नाही, फक्त शेवटी आंबट. नवरा म्हणाला, 'चांगली आहे की.' पाहुणे आलेले दोघे म्हणाले, 'वेगळीच आहे.' मला रडू येत होतं आणि मी त्यांना जुन्या वाइनबद्दल काहीतरी सांगत होते.

नानांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला, खाली ठेवला. 'माल तापलाय,' ते म्हणाले. 'पोरी, ही कुठं ठेवली होतीस?' मी कपाट दाखवलं. ते भिंतीला तळहात लावून उभे राहिले. 'द्राक्ष काढल्यावर चार-सहा तासांत प्री-कूलिंगला गेलं पाहिजे म्हणून मी मजुरांच्या मागं पळतो. तू लहानपणी स्वतः क्रेट मोजलेत. आणि एवढा भारी माल तू पाच वर्षं उन्हाच्या भिंतीला लावून ठेवलास?' आवाज चढला नव्हता. एका वर्षी आमचा अख्खा कंटेनर वाटेत तापला होता, रॉटरडॅमला पोचला तेव्हा देठ तपकिरी पडले होते, आणि त्या वर्षी माझी कॉलेजची फी काकांनी भरली. ते दोघांनाही आठवलं, बोललं कुणीच नाही.

जेवताना मी ॲडलेडजवळच्या मॅकलारेन व्हेलची अठ्ठावीस डॉलरची ग्रेनाश, म्हणजे आणखी एक लाल वाइन, उघडली. सगळ्यांनी ती संपवली.

यानंतर मी दुसरं उत्तर द्यायला लागले. त्याआधीचं पहिलं होतं, 'महाग ते चांगलं, जमेल तेवढं घ्या.' आता म्हणायला लागले, 'तीस डॉलरच्या वर जाऊ नका, सगळी लूट आहे.' तीन-चार वर्षं मी हे सगळ्यांना सांगितलं. ते रागातून आलेलं होतं, आणि ज्यांनी माझं ऐकून चांगल्या बाटल्या सोडल्या त्यांची मी माफी मागते. बाटली मी बिघडवली आणि लुटीचा आळ किमतीवर घातला.

आता जे सांगते ते असं. खरेदी तीस ते साठ डॉलरच्या पट्ट्यात करा, हंगाम बघून करा, आणि ठेवायला जागा नसेल तर ठेवू नका, पिऊन टाका. विन्स कंपनीची, कूनावारा भागातली काळ्या लेबलची कॅबरने ही लाल वाइन 1954 पासून निघते. लाल माती, खाली चुनखडी, आणि दुकानं तिच्यावर वर्षातून कितीदा तरी सूट देतात. चांगल्या हंगामाची घेतली आणि नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षांनी जे मिळतं त्यापुढे दीडशे डॉलरच्या कितीतरी बाटल्या मला फिक्या वाटल्या आहेत. मॅकलारेन व्हेलमधल्या ब्लुइट स्प्रिंग्जच्या वाळूतली जुन्या झुडपी वेलींची ग्रेनाश घ्या. ग्रेनाशला अजून शिराझएवढा मान नाही, म्हणून भाव बेताचा आहे, पण तो चढतोय. बेस्ट्स कंपनीची बिन 1 शिराझ व्हिक्टोरियातल्या ग्रेट वेस्टर्न गावची, तिच्या 2011 च्या हंगामाने 2012 ची जिमी वॉटसन ट्रॉफी हा वाइनचा मानाचा पुरस्कार जिंकला, आणि 2011 हा तर पावसाने दक्षिणेकडच्या अनेक बागा नासवल्या तो हंगाम. म्हणजे 'हंगाम बघा' हा माझा नियमही तितकासा पक्का नाही. मोठ्या घराण्याची दुसऱ्या फळीची बाटली घ्या, असंही मी सांगायचे. बिन 389 ने ते अवघड करून ठेवलंय.

मावसभावासाठी वेगळं सांगते. विमानातून शुल्काशिवाय दोनच लिटर आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या, त्यामुळे तो म्हणतो आणायचीच तर भारीतली आण. मी म्हणते, अरे, आणलेली तू मे महिन्यात निफाडात कुठे ठेवणार? भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, तेव्हापासून 15 अमेरिकी डॉलर किंवा त्याहून जास्त आयातकिमतीच्या बाटलीवरचं शुल्क 150 टक्क्यांवरून 75 वर आलं, आणि दहा वर्षांत ते 25 पर्यंत उतरायचं आहे. तिथेच चांगल्या गोदामातली, फिरकीच्या झाकणाची साधी बाटली घे, असं त्याला सांगून मी थकले. त्याला ग्रेंजच हवी आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते कळतं.

कारण जे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं ते हे, की 2023 मध्ये मी तीच बाटली पुन्हा घेतली. तेच घराणं, तीच शिराझ, 2010 चाच हंगाम. लिलावातून, पहिल्यापेक्षा जास्त पैसे देऊन. वर दिलेल्या एकाही सल्ल्यात हे बसत नाही. आधीच्या मालकाने ती कुठे ठेवली होती, त्याच्या घराची कोणती भिंत पश्चिमेची होती, मला माहीत नाही. बूच जागेवर आहे, वाइन मानेपर्यंत भरलेली आहे, एवढंच बाहेरून दिसतं. आत कदाचित मनुकाच उकळल्या असतील. या वेळी नवऱ्याला खरा आकडा सांगितला. तो दोन दिवस नीट बोलला नाही, आणि त्याला वाईट वाटणं मला रास्त वाटतं. एवढ्या पैशात ग्रेनाशच्या तीस-पस्तीस बाटल्या आल्या असत्या, हे मला त्याच्याआधी कळत होतं. तरी मुलीला अठरा पूर्ण होतील तेव्हा तिच्या वर्षाचं, त्या जुन्या खोडांच्या मुलखातलं काहीतरी टेबलावर असावं असं मला वाटतं, आणि त्याला पैसे वसूल म्हणायचं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही.

बाटली आता भाड्याच्या कोठारात आहे. नाना फोन करतात, आधी नातीची चौकशी करतात, मग पावसाची, मग विचारतात, 'आणि त्या मालाचं तापमान किती ठेवलंय?'

'चौदा, नाना.'

'बरं,' ते म्हणतात, आणि पुढच्या फोनला पुन्हा विचारतात.