सात फूट चार इंचांचे ओझे

वेस्ट लाफायेट, इंडियाना
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

आज कार्तिकी एकादशी. साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन कामावर गेलो, पण दिवसभर मन त्या मुलाच्या पायापाशीच घुटमळत राहिले. गेल्या शुक्रवारी नॉर्दर्न केंटकीविरुद्धच्या, म्हणजे हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात आमच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या डॅनियल जेकबसनच्या नडगीचे हाड मोडले आणि त्याचा हंगाम सुरू होताच संपला. सात फूट चार इंच उंची, महाविद्यालयातले पहिलेच वर्ष. लोकांच्या हळहळीत 'आता मार्चमध्ये', म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, 'आपले काय होणार' ही चिंताही मिसळलेली होती, आणि ती माझ्याही मनात आली, हे इथे लिहून ठेवायला हवे. ४ तारखेला त्याचा पहिला सामना पाहून आल्यावर याच वहीत मी 'हा पुढचा झॅक एडी' असे, म्हणजे आमच्याच संघातल्या आधीच्या उंच नायकासारखा, असे लिहिले होते. आज ते पान पुन्हा वाचले आणि वाईट वाटले, कारण एडी कसा घडला हे मला ठाऊक असूनही मी ते वाक्य लिहिले होते.

एडी टोरांटोचा. लहानपणी तो आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत असे. बास्केटबॉल त्याने शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत हाती घेतला. २०२० मध्ये तो इथे आला तेव्हा त्या वर्षीच्या खेळाडूंच्या क्रमवारीत त्याचे नाव चारशेच्याही पुढे होते. पहिल्या वर्षी त्याला सामन्यात पंधरा मिनिटांच्या आसपास खेळायला मिळे. दुसऱ्या वर्षीही ट्रेव्हियन विल्यम्स संघात असल्यामुळे सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूची, जागा दोघांत वाटली जाई. त्याच्याकडून कोणी काही मागत नव्हते, म्हणून चुकायला आणि शिकायला त्याला दोन वर्षे मिळाली. तिसऱ्या वर्षी सरासरी २२.३ गुण मिळवून तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, आणि त्याच मार्चमध्ये, १७ तारखेला, सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने आम्हाला ६३–५८ असे हरवले. त्या रात्री त्याचे २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणे) होते आणि आमच्या संघाचे बाहेरून तीन गुणांचे २६ पैकी केवळ ५ फटके पडले होते, तरी असा उंच सेंटर घेऊन खेळणेच आता कालबाह्य झाले, असा सूर निघाला. तो चौथ्या वर्षासाठी परत आला, पुन्हा सर्वोत्तम ठरला (असे सलग दुसऱ्यांदा घडणे राल्फ सॅम्पसननंतर प्रथमच) आणि १९८० नंतर पहिल्यांदा पर्ड्यूला अंतिम चार संघांत घेऊन गेला. कनेक्टिकटविरुद्धच्या अंतिम सामन्यात आम्ही हरलो, पण त्याने ३७ गुण केले होते.

सेंटरची वाढ गार्डपेक्षा, म्हणजे रिंगपासून दूर चेंडू खेळवणाऱ्या बुटक्या खेळाडूपेक्षा, सावकाश होते, असे माझे ठाम मत आहे. रिंगकडे पाठ करून चेंडू घेताना मागचा खेळाडू कोणत्या बाजूला टेकला आहे हे त्याला कमरेने ओळखावे लागते. कोणता पाय रोवायचा आणि कोणता फिरवायचा हे एका क्षणात ठरवावे लागते. चेंडू हनुवटीच्या खाली आणला, तर दीड फुटाने बुटका गार्डही तो हिसकावतो. आणि दुसरा बचावपटू धावून येताच पलीकडच्या कोपऱ्यात मोकळा उभा असलेला सहकारी दिसावा लागतो. एवढे सगळे ज्या शरीराने करायचे, ते मात्र अजून वाढतच असते. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांनी सहा फूट दहा इंचांच्या सेंटर जॉर्ज मायकनला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला आणि नाच शिकवला, तो पाय हलके व्हावेत म्हणूनच. रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकत राहण्याचा सराव आजही मायकनच्याच नावाने ओळखला जातो.

हे मला इतके लागते त्याला कारण आहे. शाळेत मी वर्गात सर्वांत उंच होतो, म्हणून मला रिंगखाली उभे केले गेले. पाय कसे ठेवायचे हे कोणीच शिकवले नाही, आणि प्रत्येक सामन्यानंतर 'एवढी उंची असून काय उपयोग' हे ऐकावे लागले. दहावीला खेळ सोडला. सामन्याच्या आदल्या रात्री पोटात पडणारा तो गोळा मला अजून आठवतो, आणि इथे तर पर्ड्यूच्या मैदानात, मॅकी अरिनात, चौदा हजारांहून अधिक लोक बसतात.

आज दुपारी शेजारच्या आजोबांनी कुंपणापाशी थांबवून विचारले, "मार्चपर्यंत तो उभा राहील का?" त्यांनी १९८० चा पर्ड्यूचा संघ आणि त्यातला सेंटर जो बॅरी कॅरोल प्रत्यक्ष पाहिलेला आहे. मी म्हणालो, या वर्षी त्याने खेळूच नये. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "खरे आहे, कॅरोललाही आम्ही फार लवकर बोल लावला होता."

पुढच्या हंगामात जेकबसन मैदानात उतरेल तेव्हा त्याचे गुण मी वहीत टिपणार नाही. पहिला पास हातात आल्यावर तो कोणता पाय रोवतो, तेवढेच पाहायचे आहे.