सातपूरची शेड कापू नका

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याची शेड गॅसकटरने कापून भंगारात काढायचं घाटतंय. तिथे टॉवर येणार, गच्चीवर सोलर बसणार, म्हणून प्रकल्प पर्यावरणपूरक. मी अंबडला फॅब्रिकेशन करतो. ती शेड आतून पाहिली आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही.

करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची काच उत्तरेला. उजेड दिवसभर एकसारखा, ऊन मात्र फारसं आत येत नाही. ट्रसचे, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याचे, अँगल ठोकून पाहिले, गंज वरवरचा आहे. गॅन्ट्रीचे, म्हणजे क्रेन ज्यावरून धावायची त्या तुळयांचे, कॉलम क्रेनचा भार पेलायला बांधलेले. नीट तपासणी केली तर त्यांच्या आधाराने आत पोटमजला घालता येईल. छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे तेवढे जायलाच हवेत, तेही न फोडता, ओले करून, जाणत्या माणसांच्या हातून.

जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो सुटणारच. नव्या टॉवरच्या पायापासून स्लॅबपर्यंत हे सगळं आधीच हवेत गेलेलं असतं. सोलर नंतर येतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉसला 67 एकरांवर जुनं राखून वस्ती उभी केली. 1852 चं धान्याचं गोदाम 2011 पासून कलामहाविद्यालय आहे, गॅसच्या टाक्यांच्या लोखंडी सांगाड्यांत घरं आहेत.

आपल्याकडे मुंबईत गिरणगाव झालं. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं, मालक. 2001 च्या बदलाने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे घरांचा वाटा आटला, आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. माझे वडील लालबागला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर आम्ही नाशिकला आलो. म्हणून वाट्याचा प्रश्न मला कागदावरचा वाटत नाही.

सातपूरला खाली छोटी वर्कशॉप, वर्ग, भाजीबाजार, आणि आवारातल्या मोकळ्या जागेत बेताच्या उंचीची घरं व्हावीत. अशोकनगर, श्रमिकनगरच्या कामगारांना तिथे चालत येता येईल. हजार चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर पाणी. ते गटारातून नंदिनी नदीत सोडण्याऐवजी टाकीत साठवावं.

एमआयडीसीचे, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाचे, प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. म्हणजे जमीन सार्वजनिक आहे. वापर बदलायची परवानगी मागायला जो येईल, त्याला दोन अटी घाला: सांगाडा तपासल्याशिवाय कटर लावायचा नाही, आणि घरांतला ठरलेला वाटा कामगारांचा, आधी लेखी.