लाल रंगाची कड

आज दिवसभर संगणकावर मुंबईचा नकाशा. पुढे झोपड्या कुठे उठतील, याचा अंदाज बांधायचा. निकष नेहमीचेच: नाला, रुळांची कड, डोंगरउतार, खाडीतली भर, कामावर चालत जाता येईल एवढं अंतर. गोवंडी-मानखुर्दची कड लालभडक झाली, म्हणजे झोपड्यांची शक्यता तिथे जास्त; तेही अपेक्षितच. पण तिथली सगळी वस्ती काही आपसूक आली नाही हो! १९७६ मध्ये जनता कॉलनी ही झोपडपट्टी उठवून लोकांना मानखुर्दजवळच्या चीता कॅम्पात नेऊन टाकलं ते सरकारनेच. त्याचा रकाना कुठल्या मॉडेलमध्ये असतो?

परतताना रिक्षावाल्याला सहज विचारलं. म्हणाला, “पाण्याचा पाइप कुठवर आलाय बघा साहेब. त्याच्या पुढे ताडपत्री लागलीच समजा.”

पटलं. पण चोरीच्या जोडण्या कुठल्या नकाशात सापडणार?