मुलीच्या नावाचं फेक अकाउंट: तक्रारीपासून बंद होईपर्यंत, माझा अनुभव

मुलगी आठवीत आहे. तिच्या नावाने आणि फोटोने कोणीतरी फेक अकाउंट काढलं, त्यावरून तिच्याच वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज जायला लागले, वर तिचा चेहरा लावून एडिट केलेला एक फोटो पण टाकला. हे सगळं कसं निस्तरलं ते सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी आईबापाचं डोकं चालत नाही आणि जो तो वेगळं सांगतो.

आधी हे सांगतो की मुलीने स्वतःहून येऊन सांगितलं याचं मला फार मोल वाटतं. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, काका, आम्ही घरी बोललोच नसतो, मोबाईल काढून घेतला असता ना. आम्ही तिचा मोबाईल तिच्याकडेच ठेवला, मुद्दाम. तिने काही केलेलं नसताना शिक्षा तिला कशाला?

घरात सगळे म्हणत होते आधी रिपोर्ट मार, उडव ते. पण अकाउंट उडालं की आपल्या हातात दाखवायला काही राहत नाही, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि प्रोफाइलची लिंक, त्या पोस्टची लिंक वेगवेगळी कॉपी करून ठेवली. नुसतं नाव लिहून ठेवू नका, सारख्या नावाची अकाउंटं ढीगभर असतात. ज्या मुलांना मेसेज आले होते त्यांच्या घरी बायकोने फोन केले, की चॅट डिलीट करू नका आणि तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका, अगदी "बघा काय झालंय" म्हणून पालकांच्या ग्रुपवर पण नाही. लहान मुलांचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७ बी कलमाखाली गुन्हा आहे, हे बऱ्याच पालकांच्या गावीही नव्हतं.

मग ॲपवर रिपोर्ट केलं तर ठरलेलं उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन दिसत नाही. इथे बरेच लोक हात टेकतात, पण टेकू नका. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मना भारतात तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, आणि दुसऱ्याचं सोंग घेतलेलं अकाउंट किंवा मॉर्फ केलेला, म्हणजे एडिट करून बदललेला, फोटो असेल तर तक्रार आल्यापासून २४ तासांत कारवाई करायची असं तेव्हा त्या नियमात होतं. त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर मी थोडक्यात लिहिलं, मुलगी अल्पवयीन आहे, मी वडील, या लिंक, हा नियम. दुसऱ्या दिवशी अकाउंट गेलं.

सरकारी पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर, तक्रार त्याच रात्री टाकलेली. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही, म्हणून आम्ही नाव देऊन केली आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवला. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, मुलांसाठी १०९८, तो २४ तास चालतो. पोलीस स्टेशनला जाताना स्क्रीनशॉटच्या प्रिंट नेल्या, त्याने खूप काम सोपं झालं.

शाळेचं मात्र अवघड गेलं. पहिलं उत्तर, हे शाळेबाहेर घडलंय. अहो, फोटो शाळेच्याच पेजवरून उचललेला, गॅदरिंगचा, खाली मुलीचं पूर्ण नाव आणि तुकडी! मी चिडलो नाही, पण हटलोही नाही. राज्य सरकारच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणे प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी समिती, असायला हवी, तिची बैठक घ्या असं लेखी दिलं. वर्गशिक्षिका बाई आमच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्या वर्गात कुणाचं नाव न घेता मुलांशी बोलल्या, आणि त्या बोलण्यानंतरच मुलीला परत शाळेत जावंसं वाटलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोठं काम त्या बाईंनी केलं.

नंतर पालकसभेत आम्ही सगळ्यांनी तिथेच बसून मोबाईलची सेटिंग बदलली. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं तिथे फक्त कॉन्टॅक्ट, डीपी पण तसाच, टू-स्टेप पिन चालू, आणि मुलांची बाकी अकाउंटं प्रायव्हेट. मुलांना सोबत घेऊनच केलं हे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं त्यातलं.

आता शाळेच्या पेजवर फोटो टाकायच्या आधी पालकांची लेखी परवानगी घेतात आणि नावं टाकत नाहीत. जुन्या अल्बममधली नावं काढायचं काम अजून चालू आहे, काही पालक आणि बाई मिळून शनिवारी बसतो.