'हाच' असं कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय

सोमवार, रात्री ११.३०

हा कर्नल कोण आता? सध्या वाचतेय त्या रहस्यकादंबरीत पान ८७ वर हा माणूस दार ढकलून आत येतो आणि सगळे त्याच्याशी असे बोलतात जसं काही तो पहिल्या पानापासून तिथेच सोफ्यावर बसलाय. शोधत मागे गेले तर पान ३१ वर सापडला, चांगली दीड पानं खर्च केलीयेत त्याच्यावर, मिशीसकट, आणि ती मी वाचलीयेत, कारण त्या पानाचा कोपरा मीच दुमडलाय.

हल्ली हे असंच चाललंय. पुस्तक हातात येतं तेच रात्री, मशीनमधले कपडे वाळत टाकून, लेकीचं दप्तर भरून, ऑफिसच्या दोन राहिलेल्या मेल्सना उत्तर देऊन झालं की मग. त्यानंतर सहा पानं होतात. सातव्या पानावर डोळे मिटतात आणि पुस्तक नाकावर पडतं (हार्डकव्हर झोपून वाचू नये, हे अनुभवाचे बोल आहेत). रोनाल्ड नॉक्स नावाचा एक पाद्री होता, स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये ह्या कथांसाठी दहा नियम घालून दिले होते. जुळे भाऊ अचानक आणायचे नाहीत, घरात एकापेक्षा जास्त चोरवाटा नकोत, असं काय काय. त्यातला माझा आवडता नियम म्हणजे डिटेक्टिव्हचा जो भोळा मित्र असतो, त्याची बुद्धी सरासरी वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. रात्री साडेअकराला मी त्या मित्राच्याही खाली दोन पायऱ्या असते.

आणि ह्या पुस्तकात अजून एक भानगड आहे. लायब्ररीचं आहे, आणि पान ४१ वर, जिथे पुतण्या पहिल्यांदा येतो ना, तिथे समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "हाच." बस. एक शब्द आणि पूर्णविराम. पूर्णविरामाचा जास्त राग आला.

मंगळवार

आज ठरवलं की चिठ्ठी करायची. सस्पेक्ट लोकांची यादी, कोण कुठे होतं, कोण काय बोललं. कॉलेजात असताना असलं काही लागायचं नाही, शनिवारी दुपारी सुरू केलं की रात्रीपर्यंत पुस्तक खलास, आणि दहातल्या सहा वेळा तरी मी खुनी आधी ओळखायचे आणि मग दिवसभर घरात मिरवायचे. त्याच्याही आधी काकांच्या कपाटातले बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. ती पुस्तकं हातात मावणारी, एका बैठकीत एक संपायचं, आणि बाबूरावांनी हजारावर लिहून ठेवल्यामुळे संपायची भीती नव्हती. तेव्हा एकच प्रश्न असायचा, पुढचं कुठलं. पान ८७ वरचा माणूस कोण असले प्रश्न कधी पडलेच नाहीत.

तर चिठ्ठी. समोर जो कागद मिळाला त्याच्या मागे लिहिली. पुतण्या: पैसे हवेत. डॉक्टर: खोटं बोलतोय, नक्की. बाटली कपाटात होती, मग टेबलावर कोणी आणली? सेक्रेटरी: बिचारा. कर्नल: मिशी.

लिहिताना लक्षात आलं की मी पुतण्याचं नाव सगळ्यात वर लिहिलंय. त्या पेन्सिलवाल्यामुळे.

बुधवार

लेकीचा स्विमिंगचा क्लास. पाऊण तास बाकावर. क्लोरिनचा वास, शिट्टी, आणि मधूनच उडणारं पाणी, म्हणून पुस्तक मी ओढणीखाली धरून वाचते. इथे मी सहसा कादंबरी आणत नाही, लघुकथा आणते, कारण पाऊण तासात एक कथा बरोब्बर बसते, खून पण होतो आणि उलगडा पण. हे काही माझं डोकं नाही. कॉनन डॉइलने हाच विचार केला होता. तेव्हा मासिकांतून क्रमशः कादंबऱ्या यायच्या आणि एखादा अंक चुकला की वाचकाचा धागाच तुटायचा, म्हणून त्याने ठरवलं की माणूस तोच ठेवायचा पण गोष्ट दर अंकात पूर्ण करायची. १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा अशा सुरू झाल्या, आणि शेवटी हिशोब झाला ५६ कथा आणि फक्त ४ कादंबऱ्या. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी अंक चुकलेल्या माणसाची काळजी केली होती! मला तर त्या माणसात मीच दिसते.

एडगर ॲलन पो हा अमेरिकन लेखक अजून कडक होता ह्या बाबतीत. १८४१ मध्ये त्याने ती पॅरिसमधल्या खुनांची गोष्ट लिहिली जिला सगळे पहिली डिटेक्टिव्ह कथा म्हणतात, आणि पाचएक वर्षांनी एका लेखात त्याने म्हटलं की लिखाण एका बैठकीत वाचून होण्याइतकंच असावं, दोन बैठका लागल्या की मधे जगाचे व्यवहार घुसतात आणि सगळा परिणाम विस्कटतो. बरोबरच आहे. फक्त माझ्याकडे बैठक हा प्रकारच राहिलेला नाहीये, उभं राहणं आहे, रांग आहे, लिफ्ट आहे, फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" आहे.

आज मात्र कर्नलमुळे कादंबरीच आणली होती. पान १५८ ते १६६ झाली. १६४ च्या आसपास लेक काठावरून हाका मारत होती, आई बघ, आई बघ ना, मी बघ पाण्याखाली डोळे उघडते, म्हणून एक डोळा तिकडे आणि एक इकडे. मग क्लास संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. सहलीचा संमतीचा फॉर्म काल मी सही करून दिला होता, तो त्यांनी परत आणला होता, मागची बाजू वर करून. "मॅडम, हे काय आहे?"

मागे लिहिलं होतं, डॉक्टर खोटं बोलतोय, बाटली कपाटात होती, पुतण्याला पैसे हवेत.

समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. सर हसले, पण फॉर्म नवीन भरून घेतला. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या मिळाल्यात, त्यात म्हणे खुनाचे प्लॅन आणि घरातल्या सामानाच्या याद्या एकाच वहीत शेजारी शेजारी आहेत. तिला कोणी बाजूला घेतलं नसणार.

गुरुवार

शून्य पानं. मीटिंग, मग दुसरी मीटिंग, मग पहिल्या मीटिंगबद्दल मीटिंग.

शुक्रवार

कपड्यांच्या घड्या घालताना ऑडिओबुक लावलं, दुसरंच एक, थ्रिलर टाइप. सगळे सांगतात ऑडिओ लाव, वेळ वाचतो. वाचतो, मान्य, चालताना, भांडी घासताना, प्रवासात, महिन्याला एखाददुसरं पुस्तक जास्तीचं होतं हे खरंय. पाठलाग, गोळीबार, कोण कुणाला फसवतंय असलं सगळं कानाने मस्त वाटतं. पण जिथे कोडं आहे ना तिथे कान कामाचे नाहीत, निदान माझे. मोजे जुळवत होते, एक मोजा एकटा राहिला, तो शोधेपर्यंत तिकडे बाई मेली पण होती. पंधरा सेकंद मागे, परत पंधरा सेकंद मागे, कोण मेलं, कशाने मेलं. कागदावर मागे जाणं वेगळं असतं, "डाव्या पानावर वरती कुठेतरी होतं" एवढं बोटांना आठवत असतं.

फोनवर वाचायचं तर तिथे खाली टक्के दिसतात, तो अजून वेगळा स्पॉयलर. ६२ टक्क्यांवर कुणाला अटक झाली की कळतंच की हा नाही. पण कागदाच्या पुस्तकात तरी काय, उजव्या हाताला शंभर पानांची जाडी लागते तेव्हा तीही तेच सांगत असते. मी फोनवरचे टक्के सेटिंगमधून बंद केलेत. उजव्या हाताचं काय करणार.

ख्रिस्तीबद्दल अजून एक आठवलं म्हणून लिहून ठेवते. लिहायला तिला खास खोली वगैरे लागायची नाही, भक्कम टेबल आणि टाइपरायटर असला की झालं, बेडरूममधलं तोंड धुवायचं संगमरवरी टेबल चालायचं, नाहीतर जेवणाचं टेबल, दोन जेवणांच्या मधे रिकामं असताना. ती सांदीकोपऱ्यात लिहायची आणि मी सांदीकोपऱ्यात वाचते, आणि तरी दर वेळी तीच जिंकते. त्याआधी पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलेलं, त्यामुळे विषं तिला तोंडपाठ होती, १९२० च्या पहिल्याच पुस्तकात ते दिसतं. मला कपाटातल्या खोकल्याच्या औषधाची तारीखसुद्धा बघायची राहते.

शनिवार, दुपार

नियम एक: शेवटची साठ पानं कधीही रात्री अकरानंतर, रांगेत किंवा बाकावर वाचायची नाहीत. हा मी कितीही घाई असली तरी पाळते. उलगड्याचं प्रकरण, सगळ्यांना एका खोलीत बसवून डिटेक्टिव्ह बोलायला लागतो ते, त्याला सलग वेळ आणि जागं डोकं पाहिजे. नाहीतर चार वर्षांपूर्वी झालं तसं होतं, पेंगत वाचलं, सकाळी उठल्यावर खुनी कोण ते आठवेना आणि परत वाचायला घेतलं तर मजा गेलेली.

म्हणून आज नवऱ्याला सांगून ठेवलं, उद्या सकाळी दोन तास मी घरात नाही असं समज. तो म्हणाला, "अगं पण असशील कुठे?" म्हटलं, बाल्कनीत.

आणि पुढे जायच्या आधी मी थांबून अंदाज लिहिते, हाही जुना नियम. एलरी क्वीन ह्या नावाने जे दोघं मिळून लिहायचे ते सुरुवातीच्या पुस्तकांत गोष्ट मधेच थांबवून वाचकाला थेट आव्हान द्यायचे, की सगळे धागेदोरे आता तुमच्याकडे आहेत, सांगा बघू. तर माझं उत्तर (ह्या वेळी कोऱ्या कागदावर): डॉक्टर. पुतण्या नाही. पुतण्या मुद्दामच लिहिला नाही, खरं सांगायचं तर. पाच दिवस तो पेन्सिलवाला माझ्या खांद्यावरून वाचतोय, पुतण्याने चहाचा कप उचलला तरी मला संशय, पुतण्या हसला तरी संशय, आणि शेवटी मी चिडून ठरवलं की तू म्हणतोस तो तर मुळीच नाही.

रविवार

संपलं. सेक्रेटरी!

तोच, ज्याच्यापुढे मी "बिचारा" लिहिलं होतं. नाव लिहीत नाही पुस्तकाचं, कोणी वाचत असेल तर.

आता कसं ते बघा. पान २३ वर तो म्हणतो की चष्म्याशिवाय मला अक्षर दिसत नाही हो, अगदी सहज, चष्मा सापडत नाही म्हणून सगळे हसतात आणि विषय बदलतो. पान १६४ वर चष्मा दुरुस्तीला दिलेला आहे, आणि हा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बाटलीवरचं नाव वाचून दाखवतो. बास, एवढंच. दोन्ही ओळी उघड्यावर ठेवलेल्या. मी २३ वाचलं होतं सोमवारच्याही आधी कधीतरी रात्री, झोपेत, आणि १६४ बुधवारी, लेक पाण्याखाली डोळे उघडत असताना. मधे कितीतरी दिवस, एक फॉर्म आणि मिशीवाला कर्नल.

आधी स्वतःचाच राग आला, की सलग वाचलं असतं तर हे पकडलं असतं. मग बाल्कनीत बसून जरा विचार केला तर वाटलं, लेखकाने मधे १४१ पानं घातलीयेत ती कशासाठी? मी विसरावं म्हणूनच ना. कर्नल त्यासाठीच होता. ती दीड पानाची मिशीसुद्धा. सलग वाचणाऱ्याला विसरायला लावायला लेखकाला एवढे कष्ट पडतात आणि माझ्यासारखी त्याला आयती मिळते, स्वतःहून विसरून येते. कॉलेजातली मी दहातल्या सहा वेळा जिंकायचे आणि पुस्तक मिटताना जरा तुच्छतेनेच मिटायचे. आता वर्षभरात एकदाही नीट ओळखलेलं नाही, आणि दर वेळी शेवटी तोंडातून "अरे!" निघतं, आज तर एवढ्या मोठ्याने निघालं की नवरा आतून विचारायला आला काय झालं. हरण्यात एवढी मजा असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, वेळ होता ना.

आणि तो "हाच."? साफ चुकला. पुतण्याने काहीही केलेलं नाही, चक्क लग्न करून सुखी होतो. मी सगळं पुस्तक परत चाळलं, पुढे कुठे त्याच पेन्सिलीने "सॉरी" लिहिलंय का, खोडलंय का, तर नाही. पान ४१ नंतर पेन्सिल गायब. बहुतेक त्याने पुढे वाचलंच नसणार, खुनी ओळखला म्हणून पुस्तक मिटून परत दिलं असणार. किंवा त्यालाही कुणीतरी काठावरून हाक मारली असेल.

लेकीच्या कंपासमधून खोडरबर आणून बसले होते. पान उघडलं, रबर टेकवला पण. मग नाही खोडलं. उद्या ऑफिसला जाताना पुस्तक परत करायचंय, आता पुढचे चार-पाच दिवस दुसरं कुणीतरी त्या पुतण्याच्या मागे हात धुवून लागेल.

पुढचं पुस्तक काढून ठेवलंय. ह्यात पहिल्याच पानावर पात्रांची यादी आहे, अकरा नावं, आणि घराचा नकाशा. समास तपासले, कोरे आहेत.